जंतूचा उकार

हळवे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि दारावरच्या पाटीवर. पाटीवरची अक्षरं उडून गेल्यापासून ते फक्त पगारपत्रकावर उरलं. 'हळवे' हे नाव त्यांना पोटानं मिळवून दिलं. कुणाकडे जेवायला जायचं असलं की ते तिथल्या बाईंना आधीच सांगून ठेवत, "माझं पोट जरा हळवं आहे हं." हे इतक्या घरांत इतक्या वेळा सांगून झालं की पोटाचं विशेषण वर सरकत सरकत मालकाला चिकटलं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. माणसाजवळ स्वतःचं म्हणून काहीतरी असावं लागतं. मेहुण्याजवळ गाडी होती, समोरच्या बिऱ्हाडाजवळ दोन बाल्कन्या होत्या, कचेरीतल्या साहेबांजवळ साहेबी होती. हळव्यांजवळ पोट होतं, आणि ते दुखत होतं.

दुखणंही ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे. बरगड्या जिथे संपतात तिथे, बरोबर मधोमध, पोट रिकामं झालं की सुरू व्हायचं आणि चार घास गेले की तात्पुरतं निवळायचं. 'कुणीतरी आत बसून मंद आचेवर काहीतरी करपवतंय,' असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्याला करपल्याचा वास येईपर्यंत सांगत. दुखण्याची कारणंही त्यांनी नक्की करून टाकली होती. पहिलं कारण त्यांचं संवेदनशील मन. दुसरं साहेब. तिसरं बायकोची फोडणी. पहिल्याला इलाज नव्हता, दुसऱ्याला तोंडावर बोलायची सोय नव्हती, त्यामुळे उपाय सगळे तिसऱ्यावर झाले. त्या घरातून मिरची हद्दपार होऊन जमाना लोटला होता. जेवणाची वेळ पोट ठरवायचं, पाहुण्यांनी किती राहायचं ते पोट ठरवायचं, रेडिओचा आवाजसुद्धा पोटाला विचारून कमी-जास्त व्हायचा. कुणी आलं की बायको दारातच हलक्या आवाजात सांगे, "आज यांचं जरा दुखतंय." त्या वाक्यानंतर घरात जी शांतता पसरे, तीच काय ती हळव्यांची आयुष्यातली कमाई होती.

तर एके दिवशी कचेरीचा जिना चढताना हळव्यांना घेरी आली आणि ते कठडा धरून खाली बसले. रक्त तपासलं, ते कमी निघालं. कमी झालेलं रक्त गेलं कुठे हे शोधायला पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी घशातून दुर्बीण उतरवली. दुर्बीण म्हटल्यावर हळव्यांना आकाशाबिकाशाकडे बघायचं काहीतरी उदात्त यंत्र वाटलं होतं. प्रत्यक्षात ती एक काळी नळी होती, आणि ती गिळताना जे तारे चमकले ते फक्त हळव्यांनाच दिसले. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि त्यांना 'काका' म्हणत होत्या. अपमानाला सुरुवात इथूनच झाली.

"काका, आत व्रण आहे," त्या म्हणाल्या. "त्यातूनच थोडं थोडं रक्त जातंय. पण कारण सापडलंय. जंतू आहे."

"जंतू?" हळवे म्हणाले. "जठरात ॲसिड असतं हो. तिथे जंतू कसा टिकेल?" ॲसिड या विषयावर त्यांचं वाचन दांडगं होतं.

"हा टिकतो. आपल्याभोवतीचं ॲसिड मारायची सोय त्यानं करून ठेवलीय. मग जठराच्या आतल्या चिकट अस्तराखाली घुसतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो, वर्षानुवर्षं. बहुतेकांना लहानपणीच लागतो. घरातल्या माणसांकडून, उष्ट्यातून, कधी पाण्यातून. कितीतरी लोकांच्या पोटात असतो आणि त्यांना पत्ताही नसतो."

'कितीतरी लोकांच्या' हे शब्द हळव्यांना दुर्बिणीपेक्षा खोल गेले. "पण माझं दुखणं काळजीचं आहे," ते म्हणाले. "माझा स्वभाव पहिल्यापासून जरा—"

"काळजीनं त्रास जास्त जाणवतो. व्रण मात्र यानंच केलाय."

"आणि फोडणी?"

"फोडणीचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि एका वाक्यात हळव्यांचा संसार निराधार झाला. शेजारच्या खुर्चीत बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मिरची चालेल?" आणि चालेल असं कळल्यावर पर्सची चेन उघडली नि परत लावली.

मग औषधं सांगून झाली. जंतूला मारायला दोन वेगवेगळी प्रतिजैविकं, जोडीला ॲसिड कमी करायची गोळी, सगळं सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे, एकही वेळ न चुकवता. "बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही," बाईंनी बजावलं. "अर्धवट सोडलंत तर उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात, मग ते औषध आपल्या कामाचं राहत नाही. आणि व्रण असाच राहिला तर एखाद्या दिवशी रक्त जोरात वाहायला लागेल. तेव्हा मग फार धावपळ होते, काका." धावपळ कुणाची आणि कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. हळव्यांनी विचारलं नाही. पण घरी येईपर्यंत त्या धावपळीच्या भीतीत आणखी एक भीती मिसळली होती, जी ते कुणालाच सांगू शकत नव्हते: उद्या पोट खरंच बरं झालं तर आपल्याजवळ राहणार काय?

विश्रांती घ्या असं बाईंनी लिहून दिलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी हळवे रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. इथे सांगायला हवं की हळवे पाणीपुरवठा खात्यात तक्रारींना उत्तरं लिहायच्या टेबलावर होते. लोक लिहीत, पाणी पिवळं येतं, पाण्याला वास येतो, पाण्यात काहीतरी वळवळतं. हळवे सगळ्यांना एकच उत्तर लिहीत: 'आपल्या भागातील पाणी निर्जंतुक असून पिण्यास योग्य आहे.' हे वाक्य त्यांनी इतकं लिहिलं होतं की त्यांना स्वतःलाही ते पटू लागलं होतं.

साहेबांनी अर्ज वाचला. 'पोटात जंतू झाल्यामुळे' या शब्दांवर त्यांची पेन्सिल थांबली.

"हळवे, आपलं खातं कोणतं?"

"पाणीपुरवठा, साहेब."

"आणि आपण लोकांना काय लिहून देतो?"

"निर्जंतुक असून पिण्यास योग्य आहे."

"मग आपल्याच माणसाच्या पोटात जंतू आले कुठून, असं उद्या कुणी विचारलं तर? तुम्ही काय विहिरीवरून पाणी आणता?"

"साहेब, तो लहानपणीच—"

"लहानपणी पाणी कोण पुरवत होतं? आपलंच खातं." साहेब पेन्सिल टेबलावर आपटत विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अर्जावर वाकून 'जंतू'चा दीर्घ उकार शाईच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसला, वरून फुंकर मारली आणि कागद हळव्यांसमोर सरकवला. आता तिथे 'पोटात जंत झाल्यामुळे' असं होतं.

"साहेब, जंत वेगळे आणि जंतू वेगळे," हळवे कसेबसे म्हणाले. "जंत लहान मुलांना होतात. वळवळणारे."

"किती वेगळे? एका उकाराइतके," साहेब म्हणाले. "हे बघा, जंत ही खाजगी बाब आहे. मातीत हात घातले, नखं वाढवली, गोड जास्त खाल्लं, तुमचं तुम्ही निस्तरा. जंतू ही खात्याची बाब होते. रजा मंजूर."

हळव्यांना तिथल्या तिथे काहीतरी बाणेदार बोलता आलं असतं. पण रजा मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेल्या कागदाशी वाद घालण्याचे त्यांच्यावर संस्कार नव्हते. त्यांनी सही केली. जन्मभर ज्या माणसानं शुद्धलेखनात कुणाची गय केली नाही, त्यानं एका पुसलेल्या उकाराखाली सही केली.

अर्ज आवक-जावक टेबलावरून गेला तेव्हाच बातमी फुटली. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या इमारतीत पोचली, कारण आवक-जावकवाल्या बाई दुसऱ्या मजल्यावर राहत. तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नेलकटर घेऊन आल्या.

"हात दाखवा," त्या म्हणाल्या. हळव्यांनी दाखवले, बाईंच्या आवाजात असं काही होतं की पोलिसानंही दाखवले असते. त्यांनी दोन्ही हातांची नखं उलटसुलट करून बघितली. मग बायकोकडे वळून विचारलं, "झोपेत दात खातात का?"

"घोरतात," बायको म्हणाली.

"गोडाचं प्रमाण?"

"बाई, मला जंत नाहीत," हळवे म्हणाले. "जंतू आहेत. जंतू."

"लाजू नका. आमच्या शाळेत अर्ध्या वर्गाला असायचे. पण ते तिसरीत होते," असं म्हणून बाईंनी सगळी नखं मुळापासून कापून काढली आणि साबण लावून हात कसे धुवायचे याचं प्रात्यक्षिक करून घेतलं, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या बिऱ्हाडातली बाई आली. तिनं एक अर्धी बाटली आणली होती. "आमच्या धाकट्याचं उरलंय. स्ट्रॉबेरीचा वास आहे, कडू लागत नाही," ती प्रेमानं म्हणाली. जाताना मात्र तिनं धाकट्याला दाराच्या आतच थोपवून धरलं.

ज्या दारात 'यांचं जरा दुखतंय' म्हटल्यावर लोक आवाज खाली आणत, त्या दारातून आता लोक तोंड दाबून हसत जात. दुखणं तेच होतं, तिथेच होतं, बरगड्यांच्या खाली मधोमध. फक्त त्याची इभ्रत गेली होती.

औषधं सुरू होती. त्यातल्या एका गोळीनं तोंडाची अशी चव केली की सकाळपासून कुणीतरी जिभेखाली किल्ली ठेवलीय. चहा किल्लीसारखा, दूध किल्लीसारखं. बायकोनं गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच भाजीला दोन मिरच्या चिरून घातल्या तर तीही किल्लीची भाजी लागली. अशा मनःस्थितीत हळव्यांनी जे केलं ते खरं तर त्यांच्या उत्तरं लिहायच्या सवयीतून आलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, माझ्या पोटात जंत नसून जंतू आहेत, व ते उष्ट्यातून अथवा पाण्यातून येतात.' खाली सही केली आणि कागद जिन्यातल्या फळ्यावर लावला.

लोकांनी पहिला भाग सोडून दिला आणि दुसरा वाचला. पाण्यातून. पाणी खात्याचा माणूस स्वतःच्या सहीनं लिहितोय म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं सर्वानुमते ठरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रारीचा मसुदा केला, सगळ्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या, आणि सह्या गोळा करता करता त्या हळव्यांच्याही दारी आल्या. नाही म्हणायला कारण सुचेपर्यंत हळव्यांनी सही करून टाकली होती. ती तक्रार रीतसर पाणीपुरवठा खात्यात, तक्रारींच्या टेबलावर, म्हणजे हळव्यांच्याच टेबलावर जाऊन पडली.

एवढ्यात रजेच्या नियमातलं एक कलम जागं झालं. आजारपणाची रजा आठवड्यापेक्षा जास्त असेल तर खात्याच्या डॉक्टरांचा दाखला हवा, आणि दाखल्यात उपचार दिल्याची नोंद हवी. खात्याचे डॉक्टर वयस्कर होते, एका कानानं कमी ऐकत आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवत नसत. त्यांनी अर्ज वाचला, हळव्यांकडे बघितलं, पुन्हा अर्ज वाचला.

"या वयात?" ते म्हणाले.

"जंतू आहेत, डॉक्टर. जठरातले."

"हो हो, जंतच लिहिलंय. झोप कमी होते का? दात खाता?"

"माझं औषध सुरू आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं. दोन आठवड्यांचं."

"जंताला दोन आठवडे?" डॉक्टरांना त्या दुसऱ्या डॉक्टरांची कीव आली. "आमच्या काळी एक दिवस लागायचा. हे घ्या. आज जंताची गोळी, उद्या पहाटे हे जुलाबाचं. एकदा पोट धुऊन निघालं की सगळं साफ. घेतल्याशिवाय दाखला देता येणार नाही मला. रजा जंताची आहे, उपचार जंताचेच हवेत."

हा युक्तिवाद इतका कचेरीच्या वळणाचा होता की हळव्यांना त्यात चूक सापडली नाही. त्यांनी दोन्ही औषधं घेतली. दुसऱ्या दिवशी जे झालं त्याचं वर्णन सभ्य माणसानं करू नये, आणि हळवे सभ्य होते. सकाळची औषधं पोटात टिकली नाहीत, संध्याकाळची घ्यायची ताकद राहिली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ते अंथरुणात पडून छताकडे बघत राहिले. बायको गोळ्या आणि पाणी घेऊन आली. "नको," ते म्हणाले. "झालं आता. पुरे." खरं सांगायचं तर दुखणं त्या दिवशी कमी वाटत होतं, तोंडातली किल्ली त्यांना काढून टाकायची होती, आणि त्याहूनही खरं सांगायचं तर जगाच्या पाठीवर कुणालाही त्यांच्या पोटाची आता पर्वा उरली नव्हती, तर त्यांनी तरी का करावी? उरलेली प्रतिजैविकं कपाटात गेली, ॲसिडची गोळी तेवढी चालू राहिली. बायको दोन दिवस आठवण करून देत राहिली. मग तिनंही नाद सोडला.

जंतू मेले की नाही हे बघायची तपासणी औषधं संपल्यावर महिन्याभरानं होते. तिच्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळीही बंद ठेवायची असते, नाहीतर जंतू असूनही तपासणीत लपून बसतात. म्हणजे जंतू बाहेर यावेत म्हणून हळव्यांनी दोन आठवडे जळत बसायचं. ते जळले. रजा केव्हाच संपली होती, म्हणून कचेरीत बसून जळले. मग तपासणीसाठी नमुना आणायला सांगण्यात आलं. कशाचा, हे डॉक्टरीणबाईंनी हसू न आणता सांगितलं आणि झाकणाची एक छोटी डबी दिली.

तपासणी केंद्र दुपारी उघडायचं. म्हणून हळवे ती डबी कागदी पिशवीत घालून कचेरीत घेऊन आले आणि टेबलाच्या कडेला, जेवणाच्या डब्याच्या पिशवीपासून सुरक्षित अंतरावर ठेवली. त्यांच्या दुर्दैवाची तयारी मात्र फार आधीपासून चालू होती. त्यांच्या इमारतीची तक्रार खात्याच्या वेगानं चालत चालत नेमकी त्याच दिवशी नमुने घेण्यापर्यंत आली होती. सगळ्या मजल्यांच्या नळांचे नमुने छोट्या बाटल्यांतून आले आणि तक्रारींच्या टेबलावर ठेवले गेले. शिपाई आला. त्यानं बाटल्या उचलल्या, बाटल्यांबरोबर पिशवीही उचलली, आणि सगळं खात्याच्या प्रयोगशाळेत नेऊन दिलं. हळवे तेव्हा आत साहेबांसमोर उभे होते.

प्रयोगशाळेनं नमुना आला तसा तपासला. का आला हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. अहवाल साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचला. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतचं पाणी उत्तम होतं. "शेवटचा नमुना," साहेब वाचू लागले. "रंग आणि वास आक्षेपार्ह. पिण्यास पूर्णपणे अयोग्य. उगमस्थानाची तातडीनं पाहणी करावी." त्यांनी चष्मा काढला. "हे उगमस्थान कुठलं, हळवे?"

हळव्यांनी खाली बघितलं. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी खोकलं. मग त्यांनी सांगितलं. आवक-जावकवाल्या बाईंना बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

पण अहवाल झाला होता. अहवाल निघाला की तो रद्द करायला त्याच उगमस्थानाचा नवा नमुना लागतो आणि तो शुद्ध यावा लागतो, असा नियम होता. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्यातून वाट नसल्याचं दोनदा कबूल केलं. तोवर इमारतीचं पाणी बंद. उगमस्थानाच्या रकान्यात हळव्यांच्या घरचा नळ लिहून नवा नमुना शुद्ध येईपर्यंत, आठवडाभर सगळी बिऱ्हाडं टँकरखाली बादल्या लावून उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाई जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बादली खाली ठेवत आणि हळव्यांच्या दाराकडे बघत. हळवे आतून कडी लावून बसत आणि बादल्यांचे आवाज ऐकत. पोट भयंकर दुखत होतं, पण ते कुणाला सांगणार?

दुसरी डबी त्यांनी दोन्ही हातांत धरून स्वतः केंद्रात पोचवली. जंतू होतेच.

औषधं मधेच सोडल्याचं ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. "आता ती औषधं नाही चालणार, काका," त्या म्हणाल्या. "आता चार प्रकारची देते. यातल्या एकानं जीभ काळी होईल, शौचालाही काळं होईल, त्याला घाबरायचं नाही. पण घेरी आली तर मात्र घाबरायचं, लगेच यायचं. यावेळी मधे सोडू नका. व्रण पहिल्यापेक्षा खोल गेला असेल." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"एकाच घरात इतकी वर्षं राहता, एका ताटात खाता. त्यांचंही बघून घेऊ एकदा. काकू, तुमचं पोट कधी दुखतं?"

हळवे हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं. "हिचं? हिचं पोट म्हणजे लोखंड आहे, डॉक्टर. दगड पचवेल."

बायकोनं आधी हळव्यांकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. "दुखतं की," ती म्हणाली.

"किती वेळा?"

"रोजच."

"कुठे?"

बायकोनं पर्स बाजूला ठेवली आणि बरगड्या संपतात तिथे, बरोबर मधोमध, एक बोट टेकवलं. ते बोट जरासुद्धा शोधत फिरलं नाही. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. यांचं सुरू झालं त्याच्या मागंपुढंच."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"यांचं दुखायचं ना," बायको म्हणाली. मोरीत कुणी असलं की बाहेरचा माणूस थांबतो, त्यात सांगायचं काय, अशा सुरात ती हे म्हणाली.

तिच्याही घशातून दुर्बीण गेली. तिनं ती गिळली आणि 'झालं का?' असं डोळ्यांनी विचारलं. तिचा व्रण हळव्यांच्या व्रणापेक्षा मोठा होता. त्याच्या शेजारी कधीतरी आपोआप भरून आलेल्या एका जुन्या व्रणाचा वण होता. "हा झाला तेव्हा फार दुखलं असेल, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायकोनं आठवून बघितलं. "एकदा दुखलं होतं खरं," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस उभं राहवत नव्हतं. पण तेव्हा यांचंही चालू होतं, आणि घरात पाहुणे."

हळव्यांना पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं: आपल्याला कुणीतरी फसवलं, असं वाटलं. मोठा व्रण तिचा होता. एवढी वर्षं त्या घरात दुखणारं पोट एकच आहे असं ते धरून चालले होते, आणि आता तर त्यांचं पोट पहिल्या नंबरचंसुद्धा नव्हतं. मग दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी बायकोकडे बघितलं. ती दोघांच्या औषधांची पिशवी घेऊन पुढे उतरत होती, एका हातानं कठडा धरून, सावकाश. तेव्हा त्यांना रडू आल्यासारखं झालं. हिचं रक्त किती कमी झालं असेल, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर दिवेलागणीला ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. या दारात येऊन काय बोलतात हे त्यांना नीटसं माहीत नव्हतं.

"फार दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखंच. कुणीतरी आत करपवतंय असं," ती म्हणाली. "फक्त मला उठून भात लावायचा असतो."

हळवे आत आले. त्यांनी बाह्या वर केल्या, ओट्यावरचं एक पातेलं उचललं, त्यात डोकावून ते परत ठेवलं आणि फडताळ उघडलं. फडताळात एकसारखे बरेच डबे होते आणि कशावरच काही लिहिलेलं नव्हतं.

"तांदूळ कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

बायको पोटावर हात दाबत उठली. तिनं त्यांना हळूच बाजूला केलं आणि न बघता बरोबर डबा काढला. "राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही बसा. तुमचं दुखत असेल."

आणि खरोखरच दुखत होतं, म्हणून हळवे बसले.